नऊ, दहा, अकरा

एक वाजत आला की मास्तर छताकडे पाहू लागे. वरच्या मजल्यावर कपडे शिवण्याचा कारखाना होता. तिथली चाळीसेक यंत्रं सकाळी नऊपासून एका सुरात घरघरत आणि ती घरघर दुहेरी दारांतून, भिंतींना लावलेल्या जाड नमद्यातून झिरपत खाली रेकॉर्डिंगच्या खोलीत येई. ड्रम वाजत असताना तिचा उपद्रव नव्हता; त्या दणदणाटात ती कुणाच्या खिजगणतीतही नसे. पण अल्बममधल्या शेवटच्या तुकड्यात मध्येच सगळं थांबत होतं. अकरा मात्रांची संपूर्ण शांतता होती, आणि त्या शांततेत शिवणयंत्र ऐकू येऊन चालणार नव्हतं. म्हणून हा एकच तुकडा ते दोघं रोज एक ते दोन या वेळात, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड करत होते.

त्या मंगळवारीही यंत्रं एकेक करून थांबली. शेवटचं एक थोडा वेळ एकटंच कुरकुरत राहिलं, मग तेही गप्प झालं.

"चला," काचेपलीकडून मास्तरचा आवाज हेडफोनमध्ये आला. "वरच्यांची पंगत बसली. आता आपण वाढू या."

"हाय-हॅट सरकलाय का रे?" ड्रमर म्हणाला.

"रोज सरकतो. तूच सरकवतोस. खाली पांढऱ्या पट्टीची खूण केलीय ती काय शोभेला?"

ड्रमरने खाली वाकून पाहिलं. डाव्या पायाने उघडमीट करायच्या त्या झांजांचा स्टँड गालिच्यावरच्या खुणेपासून चार बोटं आत, त्याच्या गुडघ्याकडे आला होता. तो केव्हा सरकवला हे त्याला आठवेना. त्याने स्टँड पुन्हा खुणेवर नेऊन ठेवला.

त्याला सगळे घणू म्हणत. शाळेत असताना बाकावर ताल धरता धरता त्याने बाकाची फळी फोडली होती, तेव्हापासून हे नाव. आता त्याला त्रेसष्टावं लागलं होतं. पंधरा वर्षं तो एका रॉक बँडमध्ये वाजवत होता, आणि तो बँड केव्हाच विखुरला असला तरी ड्रमरांच्या जगात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. मास्तर त्याच बँडचा गिटारवाला. दुसऱ्याचं वाद्य जरा बेसूर लागलं की याच्या कपाळावर आठी पडे, म्हणून तो मास्तर. उतारवयात त्याने ही तळघरातली जागा घेऊन स्टुडिओ थाटला होता. मित्राचा पहिला स्वतंत्र अल्बम, नुसत्या ड्रमचा, आपण करायचा असा हट्ट त्याचाच.

नवांपैकी आठ तुकडे झाले होते. येत्या सोमवारी घणूच्या डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया होती. डॉक्टर भला माणूस होता, त्याने थापा मारल्या नाहीत. सहा महिने हात बांधलेला राहील, मग चमचा धरता येईल, लिहिता येईल, म्हणाला. ड्रमचं विचारल्यावर त्याने टेबलावरचे कागद नीट लावायला घेतले. घणूला काय ते समजलं. शुक्रवारपर्यंत नववा तुकडा झाला तर अल्बम पुरा होणार होता. नाही झाला तर बहुधा कधीच होणार नव्हता.

त्याने वाजवायला सुरुवात केली. सुरुवात अप्रतिम होती. मनगट दुखत होतं, पण ते दुखणं वाजण्यात उतरत नव्हतं. मग सगळं थांबतं तो कडा आला. दोन्ही झांजांवर आघात झाला, हाताने त्या धरून गप्प केल्या, आणि खोली निःशब्द झाली. एक. दोन. तीन. कुठेतरी पाचाच्या पुढे त्याच्या मनातले आकडे पाण्यात पडलेल्या शाईसारखे पसरले. त्याने अंदाजाने हात उचलला.

"दहा आणि थोडे," मास्तर म्हणाला.

पुन्हा केलं. "बारा." पुन्हा. "साडेनऊ. अरे, घाई कसली? गाडी सुटतेय का?"

"दोन वाजायला किती मिनिटं आहेत?"

"बारा. ऐक ना, मी हेडफोनमध्ये मात्रांची टिकटिक सोडू का? नुसती त्या शांततेत. रेकॉर्डिंगमध्ये येणार नाही. कुणाला कळणार?"

"मला कळेल." घणूने घाम पुसला. "टिकटिकीबरोबर वाजवायला मी काय गजराचं घड्याळ आहे?"

मास्तर हसला, पण फार वेळ हसला नाही. अल्बमच्या मागच्या बाजूला काय छापायचं हे घणूने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: यात कुठेही टिकटिक वापरलेली नाही. त्यांच्या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात आठ मात्रांची शांतता होती. ती आली की हजारो माणसं श्वास धरून उभी राहत, आणि आठ संपताच घणूचा आघात असा अचूक पडे की लोक किंचाळत. याही वेळी शांतता हवीच, पण आठाची नको, असं त्याने ठरवलं होतं. आठ अंगवळणी पडलेले असतात. अकरा कुणालाही आधी कळत नाहीत. अकरा ज्याला जमले त्याच्या छातीतलं घड्याळ खरं.

दोन वाजता वरची यंत्रं सुरू झाली. त्या दिवशी सात वेळा वाजवून एकदाही अकरा साधले नाहीत.

मास्तरला जे घणूने कधी सांगितलं नव्हतं, ते तो स्वतःलाही फारसं सांगत नसे. ते आठसुद्धा त्याचे नव्हते.

बँडमधला चौथा माणूस, बास गिटार वाजवणारा, मुका या नावाने ओळखला जाई. तो मुका नव्हता. फक्त बोलण्याचं कारण त्याला सहसा सापडत नसे. मंचावर तो घणूच्या डाव्या हाताला, हाय-हॅटला अगदी खेटून उभा राही. सुरुवातीच्या काळातल्या एका कार्यक्रमात घणू त्या शांततेत हरवला होता. तेव्हा त्याच्या डाव्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं: चार, पाच, सहा, सात, आठ. त्यानंतर वर्षानुवर्षं ते पुटपुटणं येत राहिलं. आधी जिभेचा हलका चटकारा, मग एकपासून आठपर्यंत आकडे, कोरडे, घाई नसलेले. याबद्दल त्या दोघांत कधी एक अक्षरही झालं नाही. मंच लहान असला तर घणू हाय-हॅटचा स्टँड जरा आत ओढून घेई, मुक्याला उभं राहायला जागा व्हावी म्हणून. त्या सगळ्या व्यवस्थेचा कबुलीजबाब म्हणायचा तर एवढाच.

मुक्याला मरून आता नऊ वर्षं झाली होती.

बुधवारी एक वाजता पहिल्याच वेळी तो आवाज आला.

झांजा धरून घणू शांततेत शिरला आणि डाव्या कानाशी जिभेचा चटकारा ऐकू आला. एक. दोन. मान वळवायचा त्याला धीर झाला नाही. आवाज अगदी हलका होता, श्वासाहून किंचित जड. सहा. सात. आठ. नऊ. दहा. अकरा. हात आपोआप पडले. पुढची चार मिनिटं त्याने काय वाजवलं हे त्याला नंतर सांगता आलं नसतं.

शेवटची झांज विरल्यावर काचेपलीकडे मास्तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. टाळ्यांचा आवाज अर्थात येत नव्हता. नुसते हात हलताना दिसत होते.

"अकराच्या अकरा!" बटण दाबून तो म्हणाला. "केसाचाही फरक नाही. गड्या, झाला तुझा अल्बम. बाहेर ये, चहा टाकतो."

घणू लगेच उठला नाही. त्याने डावीकडे पाहिलं. तिथे मायक्रोफोनचा स्टँड, गालिचा आणि नमद्याची भिंत होती. हाय-हॅट खुणेपासून चार बोटं आत आला होता.

घरी त्याने बायकोला बातमी सांगितली. ती खिडकीशी बसून चष्म्याच्या काड्या पुसत होती.

"झालं ना एकदाचं? मग चेहरा असा का? निकाल लागलेल्या पोरासारखा?"

"दमलोय."

"दमणारच. दिवसा ठोकायचं आणि झोपेत मोजायचं. माणसाने एक काहीतरी करावं."

"झोपेत काय मोजतो मी?"

"आकडे. आजच नाही मोजत, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजता. मला वाटलं, शाळेत पाढे पाठ केले नव्हते त्याची शिक्षा भोगताहेत बिचारे. आठ झाले की कूस बदलायची आणि घोरायला लागायचं. मला सवय झाली. आठ ऐकले की मलाही झोप लागते."

"मग आता काय झालं?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "आता आठवर थांबत नाही तुम्ही. अकरापर्यंत जाता. गेले पंधरा दिवस. अहो, आणि आवाज... तुमचा वाटत नाही. सर्दी झालीय का?"

"नाही."

"मग डॉक्टरांना विचारा सोमवारी. हात काय, घसा काय, एकदम बघतील."

गुरुवारी तो साडेबारालाच स्टुडिओत पोचला. यंत्रं अजून घरघरत होती. मास्तर पडद्यावर कालच्या रेकॉर्डिंगच्या रेघा पाहत बसला होता. घणूने कोट काढला नाही, की खुर्चीही ओढली नाही.

"काल हेडफोनमध्ये काय सोडलं होतंस?"

मास्तरचे कान लाल झाले. चाळीस वर्षांत खोटं बोलायची कला त्याला साधली नव्हती. "चिडू नकोस."

"काय सोडलं होतंस?"

"टिकटिक नव्हती ती. तू नको म्हणालास म्हणून नाही सोडली." त्याने खुर्ची वळवली. "गेल्या महिन्यात आपल्या जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, सांगितलं होतं तुला. प्रत्येक माइक वेगळा ऐकत होतो. तुझ्या हाय-हॅटचा माइक लावला, तर त्या आठ मात्रांत मुक्या. स्पष्ट. आधी जिभेचा तो आवाज, मग एक ते आठ. मी तीन रात्री तेच ऐकत बसलो. जवळजवळ दर कार्यक्रमात आहे रे."

घणूचा हात डाव्या कानाकडे गेला.

"परवा तू ज्या अवस्थेत घरी गेलास, ती मला पाहवली नाही. मग मी जिभेच्या त्या आवाजासकट ते आठ आकडे कापले, आठ बटणांवर ठेवले, आणि काल तू शांततेत शिरलास तेव्हा तुझ्याबरोबर इथे बसून बोटाने वाजवले. फक्त तुझ्या डाव्या कानात. वाटलं, आठपर्यंत धरून नेतो, पुढचे तीन तुझे तू चालशील. सायकल शिकवताना मागून सोडून देतात तसं. आणि चाललासही."

"मी नाही चाललो," घणू म्हणाला. "मला अकराही ऐकू आले."

"नाही येणार. आठच आहेत."

"मी सांगतोय ना. नऊ, दहा, अकरा. त्याच आवाजात."

"अरे बाबा, त्या गाण्यातली शांतताच आठ मात्रांची होती. तो नऊ कशाला म्हणेल? मी सगळ्या टेप चाळल्या. त्या माणसाने माइकसमोर आयुष्यात नऊ हा आकडा उच्चारलेला नाही. हे बघ आठ बटणं. नववं नाहीच."

वरची यंत्रं एकेक करून थांबली. दोघांनाही कळलं नाही की एक वाजला आहे. कळलं ते बोलण्यातल्या खंडात सगळं अचानक इतकं स्वच्छ ऐकू येऊ लागलं तेव्हा. मास्तरला घड्याळाच्या काट्याचा आवाज आला, आणि मित्राच्या श्वासाचा.

"कालचा हाय-हॅटचा माइक लाव," घणू म्हणाला.

मास्तरने बाकीचे सगळे माइक बंद करून एकटा तो लावला. दोन्ही झांजांचा आघात, मग हात धरल्याचा बारीकसा खरखराट. शांतता. हेडफोनमधले आठ आकडे या माइकमध्ये येण्याचं कारण नव्हतं, आणि ते आले नव्हते. पडद्यावरची रेघ सपाट चालली होती. ती जिथे आठ मात्रा संपत होत्या तिथे आली आणि थरथरली.

नऊ. दहा. अकरा.

मास्तरने पुन्हा लावलं. मग त्याने जुने आठ आकडे आणि कालचे तीन एकापुढे एक ठेवून वाजवले. दोहोंमध्ये सत्तावीस वर्षं होती. जोड कुठे आहे ते ऐकून कळत नव्हतं.

"हा तू आहेस," मास्तर म्हणाला. त्याने पाणी प्यायलं. "दुसरं काय असणार? तूच पुटपुटलास. इतकी वर्षं कानाशी ऐकलेलं, तसंच निघतं तोंडातून. माझा मुलगा फोनवर बोलला की लोकांना मी वाटतो."

"असेल."

"असेल म्हणजे? तेच आहे."

घणू खुर्चीत बसला. कोट अजून अंगात होता. डावं मनगट उजव्या हातात धरून, ज्या गोष्टीसाठी तो साडेबाराला आला होता ती त्याने सांगितली.

सत्तावीस वर्षांपूर्वी एका मासिकात त्याची मुलाखत आली होती. त्यात तो म्हणाला होता की या बँडचं घड्याळ माझ्या छातीत आहे, बाकीचे त्यावर आपापली घड्याळं लावून घेतात. मुक्याने ती वाचली. काही म्हणाला नाही. पुढच्या कार्यक्रमात तो नेहमीसारखा डावीकडे येऊन उभा राहिला, शांतता आली, आणि तो गप्प राहिला. घणू सहाव्या मात्रेला एकटाच कोसळला. पाठोपाठ सगळं गाणं कोसळलं.

"मला आठवतं," मास्तर म्हणाला.

"मंचामागच्या खोलीत आल्यावर तू विचारलंस, कोण चुकलं? मी म्हणालो, मुक्याचा बास उशिरा आला, त्याच्यामुळे मी गडबडलो."

"आणि मी त्याला फाडून खाल्लं."

"तो माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. बास पेटीत ठेवला, कड्या लावल्या, 'येतो' म्हणाला. परत आला नाही. बँडही मग टिकला नाही."

मुका नंतर लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला होता, हे दोघांनाही ऐकून माहीत होतं. कोणत्या इमारतींच्या, हे कुणी विचारलं नव्हतं.

"तू मला आज सांगतोयस," मास्तर म्हणाला, "पण मला ते कळून महिना झाला. त्या कार्यक्रमाची टेपही आहे. मी तुझा माइक लावून ती शांतता ऐकली."

"काय आहे तीत?"

"काही नाही. तेच तर."

वर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. दोन वाजायला वीस मिनिटं होती. आज काहीच रेकॉर्ड झालं नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?" मास्तरने डोळे चोळले. "म्हटलं, सोमवारी याचं मनगट चिरणार. त्याआधी याचं एवढं एक तरी नीट होऊ दे. कालचं चांगलं आहे, घणू. ते तीन आकडे मी काढून टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे. कुणाला पत्ता लागणार नाही."

"नको," घणू म्हणाला. "उद्या पुन्हा वाजवतो. हेडफोन नको. तुझी बटणं नकोत. आणि तिसरी स्टिक दातांत धरून वाजवतो. मी बडबडत असेन तर बडबडता येणार नाही. अकरा साधले तर साधले. नाही साधले तर अल्बम आठ तुकड्यांचा. कुणी विचारलं तर सांगू, नववा याला येत नव्हता."

शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं आणि तळघराच्या जिन्यावर दुपारीही दिवे लावावे लागले. घणूने मनगटाला पट्टी गुंडाळली. हाय-हॅट आज खुणेवर होता. मास्तरने स्टँडचे तिन्ही पाय चिकटपट्टीने गालिच्याला जखडून टाकले होते. घणूने ती पट्टी नखाने सोडवली, स्टँड उचलला आणि चार बोटं आत घेतला. मास्तरने काचेतून पाहिलं.

यंत्रं थांबली. काचेपलीकडून अंगठा वर झाला. घणूने स्टिक दातांत आडवी धरली. लाकडाला वार्निशची कडवट चव होती.

त्याने वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्याच मिनिटाला मनगटात कळ उठली आणि कोपरापर्यंत चढली; त्याने दात आवळले. कडा आला. आघात. झांजा धरल्या.

काहीही नव्हतं. कान उघडे होते, आणि खोलीत कापूस भरल्यासारखी शांतता होती. चटकारा नाही, श्वास नाही. तो वाट पाहत राहिला. डावीकडे न पाहता त्याने डावीकडची सगळी जागा अंगाने चाचपून पाहिली, आणि ती रिकामी होती. सत्तावीस वर्षांपूर्वी मंचावर ती अशीच रिकामी झाली होती, माणूस उभा असूनही. तेव्हा तो घाबरला होता. आज त्याला वाटलं, गप्प राहायचा त्याला हक्क आहे. राहू दे. त्याने आकड्यांच्या मागे धावणं सोडून दिलं. छातीत काही घड्याळ नव्हतं; नुसतं एका थकलेल्या माणसाचं काळीज होतं, आणि ते जरा जोरात चाललं होतं. मग हात उचलण्याची वेळ झाली, आणि त्याने हात उचलले.

शेवटपर्यंत वाजवून त्याने स्टिका खाली ठेवल्या. दातांतली काढली, तर तिच्यावर दातांचे खोल व्रण उमटले होते. त्याला हसू आलं. तो जवळजवळ धावतच काचेपलीकडच्या खोलीत गेला.

"किती?"

"अकरा," मास्तर म्हणाला.

"मला काही ऐकू आलं नाही. मास्तर, काही म्हणजे काही नाही! माझे होते ते. आयुष्यात पहिल्यांदा माझे होते."

मास्तर त्याच्याकडे पाहत नव्हता. त्याचा हात हाय-हॅटच्या माइकच्या खटक्यावर होता.

"काय झालं?"

"स्टिक दातांत होती ना?"

घणूने ती त्याच्यापुढे धरली. मास्तरने ती घेतली, व्रणांवरून अंगठा फिरवला, परत दिली. मग त्याने तुकडा त्या जागेपासून लावला.

झांजा. हाताचा खरखराट. आणि जिभेचा तो हलका चटकारा, माइकच्या इतका जवळ की दोघंही मागे सरले. एक. दोन. तीन. आवाजात कसलीही घाई नव्हती, रागही नव्हता. एखाद्या कामकरी माणसाने आपलं काम करावं तसा तो मोजत होता. आठ आले. नऊ आले. दहा, अकरा, आणि त्याच क्षणी ड्रम कोसळले.

घणूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण भीती आली नव्हती. मास्तरला त्या चेहऱ्याला काय म्हणावं ते कळेना.

"तो मोजत होता," घणू हळू आवाजात म्हणाला. "आणि मला ऐकू आलं नाही."

"पुसू का?" मास्तरचा आवाज चिरकला. "पुसतो. ऐक माझं, पुसून टाकू आपण हे. तुझं वाजवणं राहील, सगळं राहील."

"हात लावू नकोस."

"लोकांना ऐकू येईल, घणू. सगळ्यांना कळेल. मुलाखती, ते घड्याळ, सगळं."

"कळू दे. कागद घे. मागच्या बाजूला छापायचं लिहून घे. ते टिकटिकीचं वाक्य काढ. ड्रम, माझं नाव. त्याच्याखाली, मोजणी. आणि त्याचं नाव. मुक्या नको लिहूस. खरं, पूर्ण नाव."

मास्तरने लिहिलं. सवयीने त्याने अक्षर नीट काढलं. तुकडा मागे चालूच राहिला होता. बंद करायचं भान कुणालाच नव्हतं. शेवटचा आघात झाला, झांज लांबत लांबत विरून गेली. पुढे नुसती रिकामी खोली वाजत होती, घणू स्टिका ठेवत असतानाची, उठून दाराकडे येत असतानाची. दार उघडल्याचा, मिटल्याचा आवाज झाला. आता त्या खोलीत कुणी नव्हतं.

जिभेचा चटकारा झाला.

मास्तरची लेखणी थांबली. एक. दोन. हा शांततेतला हिशेब नव्हता. नवं गाणं सुरू करण्याआधी बँडला लय देताना मोजतात तसे आकडे होते हे, किंचित जलद, किंचित खेळकर. तरुण माणसं मंचावर असताना मोजतात तसे. मास्तरचा हात बंद करायच्या खटक्याकडे गेला.

"थांब," घणू म्हणाला.

तीन.

सोमवार तीन दिवसांवर होता. घणूचा डावा हात पट्टीत जड झाला होता आणि बोटं नीट मिटत नव्हती. मास्तरचा हात खटक्याच्या वर, हवेतच राहिला. चार, असं झालं, आणि पुढच्याच मात्रेवर घणूचा उजवा पाय, त्याने न सांगता, ड्रमचा पायखटका दाबावा तसा टेबलाखालच्या गालिच्यावर नेमका पडला.